अद्भुताची पुनर्निर्मिती : देहू, इंद्रायणी आणि दोन तुकारामपट

१

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ हा भयपट १९६० मध्ये प्रदर्शित झाला. अडतीस वर्षांनंतर, १९९८ मध्ये, गस व्हॅन सँट यांनी त्याची रंगीत पुनर्निर्मिती केली. जोसेफ स्टेफानो यांचीच पटकथा, बर्नार्ड हर्मन यांचेच संगीत आणि बव्हंशी तेच दृश्यक्रम तेथे पुन्हा योजले गेले. तरीही पहिल्या चित्रपटात स्नानगृहाच्या पडद्यामागून येणारे भय दुसऱ्यात आले नाही. सर्व सामग्री जागेवर असताना रस मात्र अनुपस्थित राहिला. चित्रपटसमीक्षेने या अपयशाची नोंद बहुधा एक विक्षिप्त प्रयोग म्हणून केली आणि विषय संपवला. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने मात्र येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव तेच असताना स्थायी भावाचा उद्रेक का होत नाही?

भरताने सांगितलेल्या आठ रसांपैकी भयानक आणि अद्भुत हे दोन रस या प्रश्नाच्या संदर्भात परस्परांचे सख्खे शेजारी ठरतात. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा विस्मय. दोन्हींचा उगम एकाच अनुभवात आहे : जे घडणे शक्य नाही ते डोळ्यांसमोर घडते आणि प्रेक्षक क्षणभर ते मान्य करतो. ही मान्यता मिळाली नाही तर भयपटाचा विनोद होतो आणि संतपटाचा तमाशा. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगताना पहिला मान दिला आहे तो संभावनाविरहाला. जे संभवनीयच वाटत नाही त्यात चित्त स्थिर होत नाही, हे त्याचे निरीक्षण. त्यावरचे दोन उपायही त्याने सुचवले. लौकिक विषयात सर्वसामान्य अनुभवाशी हृदयसंवाद साधावा. अलौकिक विषयासाठी मात्र ज्यांच्याविषयीचा विश्वास परंपरेने आधीच दृढ केलेला आहे अशी प्रख्यात चरित्रे योजावीत.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या दोन्ही उपायांची एकत्रित कसोटी लागली ती देहूच्या कथेत. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि त्यानंतर शहात्तर वर्षांनी आलेला चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘तुकाराम’ (२०१२) यांचा संबंध या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. दुसरी कृती पहिलीची पुनर्निर्मिती असल्याचा दावा करीत नाही. तिची पटकथा वेगळी आहे आणि भूमिकाही वेगळी आहे. तथापि मराठी प्रेक्षकाच्या स्मृतीत तुकारामांचा चेहरा, चाल आणि आवाज हे सारे १९३६ मध्येच निश्चित झालेले असल्याने नंतरचा प्रत्येक तुकारामपट हा, निर्मात्याची इच्छा असो वा नसो, पुनर्निर्मितीच ठरतो. तिच्याविषयीची निराशादेखील म्हणूनच केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. ती इतिहासाचा विषय होते.

२

मूळ कृती म्हणून ज्या चित्रपटाकडे बोट दाखवले जाते तोही स्वयंभू नव्हता, ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी लागते. तुकारामांचे चरित्र ही आरंभापासूनच पुनर्निर्मितींची साखळी आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तेरा दिवसांनी परत मिळाल्या, या घटनेचा निर्देश तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या रचनेत येतो. देहूत वास्तव्य असताना मंबाजी गोसाव्याकडून आपल्या कुटुंबाला झालेला त्रासही त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून नोंदवला आहे. शंभराहून अधिक वर्षांनी ताहराबादच्या महीपतींनी ‘भक्तिविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत तुकारामांच्या आयुष्याला सलग कथारूप दिले. कीर्तनकारांनी ते घरोघर नेले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली, मुंबई सरकारच्या साहाय्याने निघालेली गाथेची आवृत्ती १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली, आणि अभंगांची संहिता छापील पानावर स्थिरावली. मूकपटांच्या काळातही तुकाराम पडद्यावर येऊन गेले होते.

प्रभातने ही सारी सामग्री एकत्र केली आणि तिच्यात निर्णायक फेरफारही केले. शिवराम वाशीकर यांच्या पटकथेत मंबाजी नाही. त्याच्या जागी सालोमालो आहे. हे नाव परंपरेला परिचित होते ते दुसऱ्यांच्या काव्यावर आपली मुद्रा उमटवणाऱ्या एका कवीचे. वाशीकरांनी मंबाजीचा द्वेष आणि सालोमालोचे वाङ्मयचौर्य एकाच पात्रात मिसळले. परिणामी चित्रपटाचा आरंभच एका साहित्यिक प्रश्नाने होतो. तुकाराम तल्लीन होऊन गात आहेत, आणि लगेच तोच अभंग सालोमालो देवळात स्वतःच्या नावाने गातो आहे. शब्द तेच, चालीचा आधारही तोच, मुद्रा तेवढी बदललेली. श्रोत्याला फरक कळतो तो कोणत्याही टीकेविना. अस्सल आणि अनुकृत यांच्यातील अंतर हा या चित्रपटाचा पहिला विषय आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. नंतरच्या काळात त्याच्याच अनुकृती निघाव्यात, हा योग त्यामुळे अधिकच बोलका ठरतो.

अस्सलपणाचा हा प्रश्न चित्रपटाच्या घडणीतही शिरलेला आहे. संतकवीच्या गाथेतील अभंगांबरोबर शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या प्रतिमेवर एक नवे पद रचले. केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. ते पद तुकारामांच्या शैलीशी इतके एकजीव झाले की अनेकांनी ते गाथेतलेच मानले. म्हणजे ज्या दोषासाठी सालोमालोला खलनायक ठरवले, त्याचीच उलट बाजू येथे गुण म्हणून सिद्ध झाली. सालोमालो दुसऱ्याच्या काव्यावर आपले नाव घालतो, तर आठवल्यांच्या काव्यावरून त्यांचे नाव पुसले जाते. पुनर्निर्मिती सफल होते ती अशी, कर्ता विरघळून गेल्यावर.

३

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रदर्शित झालेला हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. पुढे कुमार शहानी, गीता कपूर यांच्यासारख्यांनी त्यावर गांभीर्याने लिहिले. त्या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट झाली : चमत्कारांनी भरलेला हा चित्रपट चमत्कारांमुळे टिकलेला नाही. तो टिकला तो चमत्काराभोवतीच्या अ-चमत्कारिक जगामुळे.

विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघेही दिग्दर्शक मुळात तंत्र आणि कलायोजना यांच्या अंगाने आलेले होते. पुण्याच्या प्रभात स्टुडिओत त्यांनी जे देहू उभे केले त्यात मातीच्या भिंती आहेत, गोठा आहे, चूल आहे, शेणाने भरलेले हात आहेत. या जगाची खरी स्वामिनी गौरी यांनी साकारलेली जिजाई. तिला म्हैस कळते, धान्य कळते, मुलांची भूक कळते. नवऱ्याचा विठोबा कळत नाही. मूल आजारी पडते तेव्हा ती हातात वहाण घेऊन देवळात जाते आणि प्रत्यक्ष देवाला जाब विचारते. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत बोलायचे तर संभावनाविरह दूर करण्याचे कार्य या चित्रपटात भक्ताकडे सोपवलेले नाही. ते संशय घेणाऱ्या बाईकडे दिलेले आहे. प्रेक्षकाच्या मनात उठणारी प्रत्येक शंका त्याच्या आधी जिजाई उच्चारते. त्यामुळे धान्याची रास ओसंडू लागते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा विस्मय हा प्रेक्षकाचाच विस्मय होतो.

दुसरा आधार विष्णुपंत पागनीस यांचा. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेल्या या नटाची निवड दिग्दर्शकांना प्रथम रुचली नव्हती. त्यांच्या हालचालींतील मार्दव संताला शोभेल काय, ही शंका होती. तेच मार्दव पुढे तुकारामांचे रूप ठरले. घरोघरच्या तसबिरींत आणि दिनदर्शिकांवर पागनीसांचा चेहरा तुकारामांचा म्हणून पुजला गेला. गाणारा गळा आणि दिसणारा देह एकच असल्याने त्यांच्या अभंगाला कोणत्याही प्रस्तावनेची गरज पडत नाही. ते बोलता बोलता गाऊ लागतात, चालता चालता थांबतात, आणि काम, बोलणे, गाणे यांच्यातील सीमा पुसट होते.

या जगात भयही आहे, आणि ते चित्रपटाचे सर्वांत कमी चर्चिले गेलेले अंग आहे. रामेश्वरशास्त्री वह्या नदीत बुडवण्याचा आदेश देतो. तुकाराम तो पाळतात. साहित्याच्या इतिहासात याहून भयानक प्रसंग क्वचितच सापडेल : कवीने स्वतःच्या हाताने आपली संहिता पाण्यात सोडावी, आणि तीही शूद्राला तिचा अधिकार नाही म्हणून. त्यानंतरचे तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून जातात. येथे राक्षस नाही, पिशाच्च नाही; आहे ते संथ वाहणारे पाणी. नदीतून देवी वह्या घेऊन वर येते ते दृश्य आजच्या नजरेला भाबडे, तंत्रदृष्ट्या साधे वाटेल. परंतु त्याची शक्ती तंत्रात नाहीच. भय पुरेसे खोल गेलेले असल्यामुळे अद्भुत आवश्यक होऊन बसते. भयानकाचा शेवट अद्भुतात होतो, आणि त्यामुळेच तो सुटकेचा निःश्वास ठरतो.

शेवटच्या प्रसंगातही हेच सूत्र आहे. गरुडाकृती विमान येते. तुकाराम पत्नीला सोबत बोलावतात आणि ती स्वयंपाकात गुंतलेली राहते. अलौकिकाला दाराशी उभे करून लौकिकाने त्याला क्षणभर ताटकळत ठेवावे, यातला विनोद आणि कारुण्य एकाच वेळी प्रत्ययाला येते. अखेरीस वर जाणाऱ्या विमानापेक्षा खाली उरलेली जिजाईच मनात राहते.

४

या यशाच्या वाटेने जाण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९३८ मध्ये बी. एन. राव यांनी तमिळमध्ये ‘तुकाराम’ केला. त्यात कर्नाटक संगीतातील थोर गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांनी मुख्य भूमिका केली. कन्नडमध्ये १९६३ मध्ये सुंदरराव नाडकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली राजकुमार यांचा ‘संत तुकाराम’ आला, तर तेलुगूत १९७३ मध्ये अक्किनेनी नागेश्वर राव यांचा ‘भक्त तुकाराम’. या कृतींचा विचार ज्या त्या भाषेतील भक्तिपटांच्या परंपरेतच व्हायला हवा. येथे एवढेच नोंदवणे पुरे की त्यांत संतत्व बहुधा नटाच्या प्रतिष्ठेवर विसंबते. प्रख्यात चरित्राचा अभिनवगुप्तोक्त उपाय प्रख्यात नटाकडे सरकतो. पागनीसांच्या बाबतीत क्रम उलटा होता : भूमिकेने नट प्रख्यात केला.

मराठीत मात्र दीर्घकाळ कोणी या विषयाला हात घालण्यास धजावले नाही. दरम्यान तुकारामविषयक विचार आमूलाग्र बदलला. भालचंद्र नेमाडे यांची साहित्य अकादमीसाठी लिहिलेली पुस्तिका १९८० मध्ये आली. दिलीप चित्रे यांचे ‘पुन्हा तुकाराम’ १९९० मध्ये, सदानंद मोरे यांचे ‘तुकाराम दर्शन’ १९९६ मध्ये आणि आ. ह. साळुंखे यांचे ‘विद्रोही तुकाराम’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथांतून उभे राहिलेले तुकाराम पागनीसांच्या तुकारामाशी जुळणारे नव्हते. ते रोखठोक होते, व्यवहार जाणणारे होते, दुष्काळात होरपळलेले होते, स्वतःच्या संशयाशी झगडणारे होते, जातिव्यवस्थेच्या अन्यायाची शुद्ध असलेले होते. सदेह वैकुंठगमनाच्या कथेमागे खून दडलेला असावा, हा तर्कही जाहीर चर्चेत आला. त्या तर्काच्या ग्राह्यतेविषयी मतभेद आहेत. तथापि त्याने एक गोष्ट केली : विमानाखाली लपलेली भयाची जागा उघडी पाडली. देह सापडत नाही, ही भक्तिकथेत कृपेची खूण असते आणि भयकथेत गुन्ह्याची.

१९३६ च्या चित्रपटावर या दृष्टीने आक्षेप घेणे न्याय्यच होते. त्यातील तुकाराम सोशिक आहेत. गाथेत जागोजाग आढळणारी धार तेथे बोथट झालेली आहे. सामाजिक संघर्ष एका दुष्ट माणसाच्या मत्सरापुरता आकुंचित होतो आणि सालोमालो हास्यास्पद झाला की संघर्षही संपल्यासारखा वाटतो. शिवाजी महाराजांच्या रक्षणार्थ कीर्तनातील श्रोत्यांत अनेक शिवाजी दिसू लागतात, तो प्रसंग तर चरित्राच्या गाभ्याशी फारसा निगडित नाही. नव्या तुकारामपटाची गरज होती, ती यामुळेच.

८ जून २०१२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘तुकाराम’ने ही गरज ओळखली, हे मान्य केले पाहिजे. अजित आणि प्रशांत दळवी यांच्या पटकथेने बालपण, व्यापार, दुष्काळ, पहिल्या पत्नीचा मृत्यू, कर्जखते इंद्रायणीत सोडण्याचा निर्णय यांना वाजवी स्थान दिले. जितेंद्र जोशी यांनी पागनीसांची नक्कल टाळली. राधिका आपटे यांची आवली कजाग बाईच्या जुन्या साच्यातून बाहेर पडलेली आहे. चमत्कारांना फाटा देण्यामागे प्रामाणिक विवेकनिष्ठा आहे. आणि तरीही हा चित्रपट पाहून जुन्याची आठवण काढणारा प्रेक्षक केवळ स्मरणरंजनात रमलेला आहे, असे म्हणून त्याची बोळवण करता येत नाही.

निराशेचे मर्म गाथेच्या प्रसंगात आहे. वह्या पाण्यात गेल्या तरी अभंग लोकांच्या मुखी जिवंत आहेत, लोकगंगेने ते तारले, हा अर्थ चित्रपट स्वीकारतो. हा अर्थ उदात्त आहे. मौखिक परंपरेचा इतिहास पाहता तो बराचसा खराही आहे. पण येथे प्रसंगाच्या आधी त्याचा अर्थ येऊन पोचतो. संहिता नष्ट झाली आहे या जाणिवेचे भय प्रेक्षकाला पुरते भिडण्यापूर्वीच त्याचे निरसन हाती ठेवले जाते. अद्भुत काढून टाकल्यावर भयानक अधिक उघडे पडायला हवे होते. देवी येणार नाही, हे एकदा ठरल्यावर नदीकाठच्या त्या माणसाजवळ काय उरते, हा प्रश्न कोणत्याही चमत्कारापेक्षा प्रखर आहे. चित्रपट त्या प्रश्नाच्या काठावर थांबतो आणि समाधान देऊन परततो. जुन्या कृतीने भयाची भरपाई देवीने केली. नव्या कृतीने ती सुविचाराने केली. देवी निदान पाण्यातून आली होती.

संगीताच्या बाबतीतही असेच घडले. पार्श्वगायनाच्या रूढ पद्धतीने आवाज आणि देह यांची फारकत झाली. त्यात दोष कोणाचा नाही. ती काळाची व्यवस्था आहे. मात्र अभंग हा पात्राच्या श्वासातून निघाल्यासारखा न वाटता पात्राच्या भोवती वाजत राहतो. पागनीसांकडे जी गोष्ट उच्चार होती ती येथे वातावरण झाली. संशयाची भूमिकाही पुसट झाली. तुकाराम स्वतःच विवेकी, तर त्यांच्यासमोर वहाण उगारून उभे राहण्याचे कारण आवलीला उरत नाही. जिने चमत्कार विश्वसनीय केला होता तिचे नाट्यगत कार्यच चमत्काराबरोबर गेले.

‘सायको’च्या पुनर्निर्मितीने सगळे ठेवले आणि भय गमावले. ‘तुकाराम’ने अद्भुत सोडले आणि त्याच्या पोटातले भयही त्याबरोबर गेले. दोन वाटांचा शेवट एकच व्हावा, याचे कारण दोन्हीकडे रसाचे स्थान चुकीच्या ठिकाणी धरले गेले. पहिल्या बाबतीत ते दृश्यरचनेत आहे असे मानले गेले, दुसऱ्या बाबतीत विचारात. ते होते त्या कोवळ्या क्षणात, जिथे पाहणाऱ्याला पुढे काय होईल हे माहीत असूनही माहीत नसते.

५

हा सारा व्यवहार ज्या गावाच्या नावाने चालतो त्या देहूचीही दरम्यान पुनर्निर्मिती झालेली आहे. प्रभातचा चित्रपट निघाला तेव्हा देहू हे पुण्याजवळचे एक खेडे होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढील दशकांत पिंपरी-चिंचवड आणि नंतर चाकण असा उद्योगांचा पट्टा वाढत गेला. मराठवाड्यातून, विदर्भातून, देशाच्या अन्य प्रांतांतून आलेले कामगार या परिसरात स्थिरावले. त्यांपैकी अनेकांच्या घरी गाथा आधीच होती. दुष्काळाने गाव सोडावे लागलेल्या माणसाला दुष्काळातून गेलेला कवी नवा नव्हता. इंद्रायणी मात्र बदलली. नागरी सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या मैल्याचा भार तिच्यावर पडला, आणि खाली आळंदीला तिच्यावर पांढरा फेस दिसू लागला.

नदीकाठी उभ्या राहिलेल्या गाथामंदिरात अभंग संगमरवरावर कोरलेले आहेत. जी संहिता एकदा पाण्यात सोडली गेली ती आता पाण्याने भिजणार नाही, फाटणार नाही, बुडवता येणार नाही. भाविकाला यातून मिळणारे आश्वासन समजण्यासारखे आहे. १४ जून २०२२ रोजी शिळामंदिराचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. तेरा दिवसांच्या अनुष्ठानाशी परंपरेने जोडलेल्या शिळेभोवतीची ही वास्तू. त्याच गावात भिजकी वहीही श्रद्धेने जपलेली आहे. दगडातली गाथा आणि भिजलेली वही या दोन वस्तू तुकारामांकडे पाहण्याच्या दोन रीती सांगतात. पहिलीत धोका संपलेला आहे. दुसरीत तो पानापानात मुरलेला आहे.

पडद्यावरचे तुकाराम यानंतरही येत राहतील. २०२५ मध्ये आदित्य ओम यांनी सुबोध भावे यांना घेऊन हिंदीत ‘संत तुकाराम’ केला, ही त्या साखळीतील अगदी अलीकडची एक कडी. बहिणाबाईंपासून सुरू झालेली ही परंपरा थांबण्याचे कारण नाही, आणि थांबू नये. प्रत्येक पिढीला आपला तुकाराम नव्याने घडवण्याचा अधिकार आहे. देवीला पडद्यावर आणावे की आणू नये, हा त्यातला दुय्यम प्रश्न. वह्या हातातून सुटल्या आणि पाणी त्यांच्यावरून वाहू लागले, त्या क्षणी काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्या परत येतील हे ठाऊक नव्हते. पुनर्निर्मितीने जपायचे ते हे अज्ञान.